मेंब्रेन खरंच गेलं का? घरगुती आरओची तपासणी आणि तिचा खर्च

‘टीडीएस वाढलाय, मेंब्रेन बदलावं लागेल. अठ्ठावीसशे होतील.’ घरात आरओ असला की वर्ष-दोन वर्षांत एकदा तरी हे वाक्य ऐकावं लागतं. समोर मीटरवर आकडा लुकलुकत असतो, मेकॅनिकला पुढच्या कॉलला जायची घाई असते आणि ‘थांबा जरा’ म्हणायला आपल्या हातात काहीच नसतं. कधी त्याचं म्हणणं खरंही असतं. पण पुष्कळदा मेंब्रेन धडधाकट असतं आणि दुखणं शंभर रुपयांच्या एफआरमध्ये (टाकाऊ पाण्याची धार आवरणारा भाग), झिजलेल्या ओ-रिंगमध्ये किंवा दमलेल्या पंपात असतं. एकट्या टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांच्या, आकड्यावरून यातलं नेमकं काय बिघडलंय, हे मेकॅनिकलाही सांगता येणार नाही. मेंब्रेनमधून क्षार किती निसटतात आणि पाणी किती येतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मोजाव्या लागतात. त्यासाठी तीनशे रुपयांचा मीटर, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मोबाइलमधलं घड्याळ एवढं पुरतं.

या लेखातले दर महाराष्ट्रातल्या शहरी बाजारात साधारणपणे आढळणारे आहेत. गाव, कंपनी आणि मॉडेल यांप्रमाणे ते खालीवर होतात, म्हणून सगळीकडे ‘इतके ते इतके’ असंच लिहिलं आहे.

मीटर घेताना

पेनासारखा साधा टीडीएस मीटर १५० ते ५०० रुपयांना मिळतो. तो खरं म्हणजे क्षार मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्याला एका ठरावीक गुणकाने गुणून मिलिग्रॅम प्रतिलिटरचा आकडा दाखवतो. पाण्यात विरघळलेले क्षार विद्युतभारित कणांच्या, म्हणजे आयनांच्या रूपात असतात आणि वीज तेच वाहून नेतात. साखरेच्या कणांवर असा भार नसतो, त्यामुळे ग्लासभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवली तरी मीटर जवळपास जागचा हलत नाही. हे एकदा करून पाहाच. या यंत्राला काय कळतं आणि काय कळत नाही, याची समज त्या एका प्रयोगात पक्की होते.

गुणक कंपनीप्रमाणे ०.५ किंवा ०.७ असतो. म्हणून मेकॅनिकच्या मीटरवर ७०० आणि तुमच्या मीटरवर ५०० दिसले, तरी दोघंही खोटं बोलत नसतील. तपासणी करायची तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, लिटरला २० ते ४० रुपये पडतात. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ विरघळवा. त्यातलं ५० मिली घ्या आणि डिस्टिल्ड वॉटर घालून पुन्हा एक लिटर करा. या द्रावणात लिटरमागे ५०० मिलिग्रॅम मीठ असतं. मीटरने ५००च्या आसपास दाखवलं तर गुणक ०.५, ७००च्या आसपास दाखवलं तर ०.७. तिसरंच काही दाखवलं, तर सेल बदलून पाहा, नाहीतर मीटर परत करा. दीड-दोन हजारांचे मीटरही मिळतात, पण घरच्या कामाला त्यांची गरज नाही. वेष्टनावर ‘एटीसी’, म्हणजे तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा, असं लिहिलेलं मात्र पाहून घ्या. तेवढं पुरे.

मेंब्रेनची परीक्षा घ्यायला टक्केवारी काढायची असते आणि त्यात हा गुणक उडून जातो. आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी एकाच मीटरने मोजलं की झालं. आधीचं पाणी मेकॅनिकच्या मीटरवर आणि नंतरचं आपल्या, असं मात्र कधीच करू नका.

मोजायचं कसं

सकाळी उठल्या उठल्या मोजू नका. मशीन रात्रभर बंद असतं तेव्हा मेंब्रेनवर दाब नसतो, पण क्षार दाबाची वाट बघत बसत नाहीत. जिकडे जास्त आहेत तिकडून कमी आहेत तिकडे ते मेंब्रेनमधून हळूहळू झिरपत राहतात. त्यामुळे पहिल्या काही मिनिटांत येणाऱ्या ‘शुद्ध’ पाण्याचा टीडीएस नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त असतो, अगदी नव्या मेंब्रेनचासुद्धा. टाकी थोडी रिकामी करा, पंप सुरू होऊ द्या आणि दहा-पंधरा मिनिटांनी मोजायला घ्या. मेकॅनिक आल्याआल्या पहिल्याच धारेत मीटर बुडवत असेल, तर त्याला चहा द्या आणि थांबवा.

पुढची अडचण मोठी आहे. पिण्याच्या नळाला येणारं पाणी हे मेंब्रेनमधून आलेलं पाणी नव्हे. आजकालच्या बहुतेक मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा वाल्व असतो. मेंब्रेनला बगल देऊन आलेलं थोडं पाणी तो शुद्ध पाण्यात मिसळतो, कारण अगदी कमी क्षारांचं पाणी बेचव लागतं. कुठे मिनरल कार्ट्रिजही बसवलेलं असतं. म्हणजे नळाचा आकडा चढला, तरी त्यात मेंब्रेनचा दोष किती आणि वाल्वचा किती, ते कळायला मार्ग नसतो. हा वाल्व स्क्रूड्रायव्हरने फिरवता येतो आणि अर्ध्या वळणात आकडा १५० वरून ४० वर आणता येतो. मेंब्रेन न बदलता ‘बदललं’ असं दाखवायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, हे ध्यानात असू द्या.

म्हणून पाणी थेट मेंब्रेनच्या हाउसिंगमधून घ्यायचं. हाउसिंग म्हणजे ती आडवी किंवा उभी पांढरी नळकांडी. तिच्या एका टोकाला पाणी आत जातं आणि दुसऱ्या टोकाला दोन नळ्या असतात. मधली शुद्ध पाण्याची, बाजूची टाकाऊ पाण्याची, आणि टाकाऊ नळीवर पुढे एफआर, म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर बसवलेला असतो. मशीनचा प्लग काढा, पाण्याचा नळ बंद करा, शुद्ध पाण्याच्या नळीची कॉलर दाबून नळी ओढून काढा, तिथे मोकळ्या नळीचा तुकडा बसवून भांड्यात सोडा आणि मशीन पुन्हा सुरू करा. हे जमणार नाही असं वाटलं, तर मेकॅनिककडून तुमच्यासमोर करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे मागायचं कारण नाही.

आता तीन आकडे घ्या. पहिला, आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस. दुसरा, मेंब्रेनमधून आलेल्या पाण्याचा. तिसरा सगळेच विसरतात: एका मिनिटात शुद्ध पाणी किती येतं आणि टाकाऊ किती. दोन पातेली एकाच वेळी एक मिनिट धरा आणि वजनकाट्यावर ठेवा. एक ग्रॅम म्हणजे एक मिली.

समजा आत जाणारं पाणी ६४०, बाहेर आलेलं ३८, शुद्ध पाणी मिनिटाला १८० मिली आणि टाकाऊ ५२० मिली. ६४० मधून ३८ वजा केले, उरलेल्या ६०२ ला ६४० ने भागलं, की मेंब्रेनने ९४ टक्के क्षार अडवले. एकूण ७०० मिलीपैकी १८० मिली प्यायला मिळालं, म्हणजे साधारण २६ टक्के. घरच्या मशीनसाठी ही तब्येत उत्तम आहे.

मेंब्रेनच्या वेष्टनावर ७५ जीपीडी असं लिहिलेलं असतं. म्हणजे दिवसाला ७५ अमेरिकन गॅलन, आपल्या हिशेबात २८४ लिटर किंवा मिनिटाला साधारण १९७ मिली. हा आकडा प्रयोगशाळेतला आहे, २५ अंश सेल्सिअसला आणि कमी क्षारांच्या पाण्यावर काढलेला. पाणी एका अंशाने थंड झालं की धार ढोबळमानाने तीन टक्क्यांनी घटते. डिसेंबरात नाशिकला पाणी अठरा अंशांवर आलं, की धार पाचव्या हिश्श्याने कमी होणारच. त्यात मेंब्रेनचा काही गुन्हा नाही. म्हणून वेष्टनावरचा आकडा बाजूला ठेवा आणि स्वतःचा आकडा धरा. नवं मेंब्रेन बसवलं की आठवड्याभराने वरचे सगळे आकडे तारखेसह मशीनच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या सगळ्या भांडणांत तोच कागद साक्षीला येतो.

क्षार आणि पाणी, दोघांच्या वाटा वेगळ्या

मेंब्रेनची गुंडाळी सोडवून पाहिली तर साधं पांढरं कापड दिसतं. ते पॉलिएस्टरचं असतं, त्यावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर आणि त्यावर पॉलिअमाइडचा इतका पातळ पापुद्रा, की त्याची जाडी मायक्रॉनच्या पाचव्या-दहाव्या हिश्श्याएवढी भरते. सगळं काम हा पापुद्रा करतो. आपण त्याला ‘गाळणी’ म्हणतो, पण क्षार त्यात भोकांत अडकून राहत नाहीत. पाणीही त्या प्लास्टिकमध्ये मुरतं आणि क्षारही थोडे मुरतात; पलीकडे कोण किती वेगाने निघतं, यावर सगळं ठरतं. या विद्येचा पाया १९५९-६० च्या सुमारास लॉस अँजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी घातला. त्यांचं मेंब्रेन सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं होतं. पॉलिअमाइडचं नंतर, सत्तरच्या दशकात जॉन कॅडॉट यांनी आणलं आणि आज घरोघरी तेच आहे.

ग्राहकाच्या कामाची गोष्ट पुढे आहे. पाणी दाबाने ढकललं जातं. दाब वाढला की पाणी वाढतं, दाब पडला की घटतं. क्षारांना दाबाशी फारसं देणंघेणं नसतं. अलीकडे-पलीकडे त्यांचं प्रमाण किती वेगळं आहे, त्यावर ते निसटतात. त्यामुळे पंप थकला तर पाणी अर्धं होतं, पण निसटणारे क्षार जवळपास तेवढेच राहतात. तेवढेच क्षार अर्ध्या पाण्यात आले, की टीडीएस दुप्पट दिसतो आणि मेंब्रेनवर आळ येतो.

म्हणून दोन आकड्यांचा गुणाकार करा: शुद्ध पाण्याचा टीडीएस गुणिले मिनिटाची धार. आपल्या उदाहरणात ३८ गुणिले १८०, म्हणजे ६,८४०. हा मिनिटाला निसटणाऱ्या क्षारांचा आकडा झाला. वर्षभराने टीडीएस ७२ वर गेला आणि मेकॅनिक म्हणाला, ‘दुप्पट झाला, बदला.’ धार मोजली तर ९५ मिली. ७२ गुणिले ९५ म्हणजे पुन्हा ६,८४०. मेंब्रेन पूर्वीइतकेच क्षार सोडतंय, कमी पडतंय ते पाणी. आता शोध पंपाकडे आणि मेंब्रेनच्या आधीच्या फिल्टरांकडे वळवायचा. खऱ्या घरात दोन्ही आकडे इतके चोख जुळणार नाहीत. वीस-तीस टक्के इकडे-तिकडे चालेल. तुलना करताना आत जाणाऱ्या पाण्याचा टीडीएस आणि ऋतू साधारण सारखे असावेत, एवढंच.

धार घटली आणि गुणाकार तेवढाच राहिला, तर स्वस्तापासून सुरुवात करा. बाहेरचा स्पन फिल्टर ८० ते २०० रुपये. आतले सेडिमेंट आणि कार्बन मिळून ४०० ते ९००. त्यांनी धार परत आली नाही, तर पंपाचा दाब मोजायला सांगा. प्रेशर गेज मेकॅनिकच्या बॅगेत असायला हवा. नसेल, तर तो मेंब्रेनबद्दल जे बोलतोय ते अंदाजाने बोलतोय. चालू स्थितीत साधारण ६० ते ८० पीएसआय दाब मिळायला हवा. दाब कमी असेल तर तीन शक्यता. पंप थकला असेल, तो ९०० ते १,८०० रुपये. पंपाला वीज देणारा अ‍ॅडॉप्टर कमी व्होल्टेज देत असेल, तो ३०० ते ६००. किंवा एफआर ढिला पडून टाकाऊ पाणी मोकाट वाहत असेल, आणि तो ५० ते १५० रुपयांत येतो. यातला शेवटचा बिघाड टाकाऊ पाण्याची धार मोजली की लगेच सापडतो. मात्र दाब व्यवस्थित आहे, फिल्टर नवे आहेत आणि तरी धार रडतेय, तर मेंब्रेनवर चुन्याचा थर बसला आहे. अशा वेळी बदलावंच लागतं. लिंबूसत्व वापरून धुण्याचे प्रयोग मोठ्या प्लांटला परवडतात, घरच्या मेंब्रेनला नाही.

उलट गोष्ट बघा. टीडीएस १५०, धार २००, म्हणजे गुणाकार ३०,०००. चौपटीहून जास्त क्षार निसटू लागले. इथे मात्र मेंब्रेनवरचा संशय रास्त आहे. तरीही आधी हाउसिंग उघडून शुद्ध पाण्याच्या नळीवरच्या ओ-रिंगा पाहायला लावा. एक जरी रिंग चिरलेली असली, तरी कच्चं पाणी थेट शुद्धात मिसळतं. रिंग दहा-वीस रुपयांची. रिंगा चांगल्या असतील, तर पॉलिअमाइडचा पापुद्रा खराब झाला आहे, आणि महापालिकेच्या पाण्यावर त्यामागे बहुतेक वेळा क्लोरिन असतं. नळाच्या पाण्यात जंतू वाढू नयेत म्हणून लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन राखायचं असतं, आणि पॉलिअमाइडला ते सोसत नाही. आपल्या मशीनमध्ये दोघांच्या मधे उभा असतो तो कार्बन फिल्टर. तो वेळेवर बदलला नाही, की क्लोरिन थेट पापुद्र्यावर येतं. म्हणून जुना कार्बन तसाच ठेवून नवं मेंब्रेन बसवणं म्हणजे पैसे गटारात टाकणं. चारशे रुपये वाचवून दोन हजार घालवायची ही पद्धत अनेक एएमसींमध्ये, म्हणजे वार्षिक देखभाल करारांमध्ये, सर्रास दिसते.

टाकाऊ पाणी फारच कमी येत असेल, तर खूश होऊ नका. एफआर चोंदला असेल किंवा कुणी ‘पाणी वाचवण्यासाठी’ बारीक एफआर बसवला असेल. क्षार वाहून न्यायला पाणी उरलं नाही, की ते मेंब्रेनवरच बसतात. पाणी फार जड असेल तर काही महिन्यांत चुन्याचा थर तयार.

बदलायचं ठरलं तर

सर्वसाधारण ७५ किंवा ८० जीपीडीचं मेंब्रेन सुटं ७०० ते २,५०० रुपयांना मिळतं. कंपनीच्या माणसाकडून बसवून घेतलं, तर व्हिजिटचे २५० ते ६०० आणि फिल्टरचा सेट धरून बिल सहज तीन ते पाच हजारांवर जातं. बऱ्याच मशीनमध्ये मेंब्रेन प्रमाणित मापाचं असतं आणि दुसऱ्या कंपनीचंही बसतं. काही कंपन्या मुद्दाम वेगळ्या घडणीचं कार्ट्रिज देतात, तिथे तुम्ही बांधले गेलात. मशीन विकत घेतानाच हा प्रश्न विचारला पाहिजे, पण आपण रंग आणि टाकीचं माप बघत बसतो.

नामवंत कंपन्यांच्या नावाची नकली मेंब्रेनं बाजारात भरपूर आहेत. होलोग्राम आणि क्यूआर कोड तपासा, पण त्यांच्यावरच विसंबू नका, तेही छापता येतात. खरी परीक्षा तुमच्या हातात आहे. बसवल्यावर तास-दोन तास पाणी वाहू द्या आणि वरचे आकडे घ्या. नवं मेंब्रेन ९० टक्क्यांहून कमी क्षार अडवत असेल आणि दाब ठीक असेल, तर ते परत करायचं.

जुन्याला निवृत्त कधी करायचं? टक्केवारी ८० च्या खाली गेली की विचार करा. पण आत जाणारं पाणी ९०० आणि बाहेर येणारं १५० असेल, तर क्षारांच्या दृष्टीने ते पाणी उत्तम आहे. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्यासाठी ५०० पर्यंतचा टीडीएस स्वीकारार्ह मानतं आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतं. केवळ आकडा ‘दोन अंकी’ हवा म्हणून मेंब्रेन बदलण्यात अर्थ नाही. नायट्रेट, फ्लोराइड किंवा आर्सेनिक यांच्यासाठी आरओ घेतला असेल, तर मात्र हा दिलदारपणा करू नका.

मीटरला न दिसणारं

यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यातलं किनवट या भागांत भूजलात फ्लोराइड सापडतं. मानकाची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५. सहाशे टीडीएसच्या पाण्यात ते तीन मिलिग्रॅम असो वा अर्धा, मीटरवर फरक कळणार नाही. नायट्रेटची मर्यादा ४५, आणि तिला कुठलीही सवलत नाही. नायट्रेट मेंब्रेनमधून इतर क्षारांपेक्षा जास्त निसटतं, म्हणून एकूण टक्केवारी ९० आली तरी नायट्रेटची तेवढी असेल असं नाही. शेतीच्या पट्ट्यातल्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी असेल, तर शुद्ध झालेल्या पाण्याचीही प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या.

खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दहा-बारा घटकांची तपासणी १,००० ते ३,००० रुपयांत होते. आयएस १०५०० ची संपूर्ण यादी तपासायची तर दहा हजारांच्या वर जाते, आणि घरगुती ग्राहकाला तिची गरज क्वचितच पडते. ‘पूर्ण रिपोर्ट’ मागण्याऐवजी टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड, लोह एवढे घटक नावं घेऊन सांगा आणि त्यांचे सुटे दर विचारा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा राज्यात जिल्ह्याच्या ठिकाणी आणि काही तालुक्यांत आहेत, तिथे नाममात्र शुल्कात नमुना तपासून मिळतो. बाटली कशी भरायची आणि नमुना कोणत्या वेळेत पोचवायचा, हे आधी फोन करून विचारा. कित्येक अहवाल नमुन्यातल्या हलगर्जीमुळेच फुकट जातात.

जंतूंचा तर मीटरशी काही संबंधच नाही. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गीयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने खासगी आरओ केंद्रांचं पाणीही तपासलं आणि दूषित नमुने आढळलेली केंद्रं बंद केली. तिथल्या पाण्याचा टीडीएस चांगला असणारच. मेंब्रेननंतरच्या टाकीत, नळीत, नळाच्या तोटीत जंतू वाढू शकतात. एच-टू-एस बाटलीची घरगुती चाचणी शंभर रुपयांच्या आत होते. बाटलीत पाणी भरून ठेवायचं, काळं पडलं तर संशय घ्यायचा. प्रयोगशाळेत कोलिफॉर्मची तपासणी ३०० ते ८०० रुपयांत होते. तिला प्रयोगशाळेनेच दिलेली निर्जंतुक बाटली लागते, घरची धुतलेली चालत नाही.

याच ओघात एका जुन्या खेळाबद्दल. विक्रेता दोन ग्लास घेतो, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, आणि धातूच्या कांड्या असलेलं एक उपकरण दोन्हींत बुडवून बटण दाबतो. नळाचं पाणी तपकिरी, गढूळ होतं आणि घरातली मंडळी हादरतात. ती घाण पाण्यातली नसते, कांड्यांमधलं लोखंड विरघळून झालेला गंज असतो. नळाच्या पाण्यातले आयन वीज वाहून नेतात म्हणून तिथे रंग येतो, आणि आरओच्या पाण्यात आयनच कमी म्हणून तिथे काही होत नाही. आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून पुन्हा बटण दाबायला सांगा. खेळ तिथेच संपतो.

वर्षाचा हिशेब, आणि आरओ हवा का?

चौघांच्या घरात दिवसाला २० लिटर शुद्ध पाणी धरू. पंप आणि यूव्ही दिवा मिळून ४० वॅट, तासाला १२ लिटर, म्हणजे वर्षाला २४-२५ युनिट वीज. दोन-अडीचशे रुपये. फिल्टर ८०० ते १,५००. मेंब्रेन दोन-तीन वर्षांनी, म्हणजे वर्षाकाठी सहाशे ते हजार. इथवर सगळे हिशेब करतात. टाकाऊ पाणी कुणी मोजत नाही.

शुद्ध पाण्याच्या एका भागाला टाकाऊ तीन भाग या प्रमाणात वर्षाला २२ हजार लिटर पाणी नालीत जातं. महापालिकेच्या नळाला त्याचे पैसे जाणवत नाहीत. पण वाघोली, उंड्रीसारख्या भागात सोसायटी टँकरवर चालते आणि दहा हजार लिटरचा टँकर हजार ते दोन हजार रुपयांना पडतो. म्हणजे वर्षाला दोन ते साडेचार हजार रुपये आपण फक्त टाकण्यासाठी विकत घेतो, आणि तो आकडा नव्या मेंब्रेनपेक्षा मोठा आहे. अशा ठिकाणी निम्मं पाणी वाचवणारं मशीन थोडं महाग असलं तरी दोन-तीन वर्षांत पैसे फेडतं. टाकाऊ पाणी फरशी आणि संडाससाठी साठवा. झाडांना घालायचं तर आधी त्याचा टीडीएस बघा. हजाराच्या वर असेल, तर कुंडीतली माती हळूहळू खारवते.

अकोला, अमरावती, बुलढाणा भागातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी इतकं खारट असतं, की तिथे आरओ ही चैन नाही, गरज आहे. तिथल्या ग्राहकाने एक गोष्ट लक्षात ठेवावी. दर १०० मिलिग्रॅम क्षारांमागे साधारण एक पीएसआय दाब क्षारांना तोंड देण्यातच खर्च होतो. पाणी २,५०० चं असेल, तर ७० पैकी २५ पीएसआय तिथेच गेले. पुण्यातल्या नातेवाइकाकडे जेवढी धार दिसते, तेवढी तुमच्याकडे त्याच मशीनमधून येणार नाही. जास्त दाबाचा पंप आणि मोठं मेंब्रेन असलेलं मॉडेल मागा.

मुंबईत भातसा-तानसा-वैतरणेचं किंवा पुण्यात खडकवासल्याचं पाणी थेट नळाला येत असेल, तर टीडीएस बहुधा दोनशेच्या आत असतो. अशा घरात आरओ कशासाठी, याचं पटण्यासारखं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. जंतूंची भीती असेल तर यूव्ही (अतिनील प्रकाश) किंवा यूएफ (बारीक छिद्रांची गाळणी) यांचं मशीन निम्म्या किमतीत मिळतं, टाकाऊ पाण्याचा प्रश्न नाही, मेंब्रेनची कटकट नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी घरगुती आरओवर बंदी आणण्याचे निर्देश केंद्राला दिले होते. तीनशे रुपयांचा मीटर मशीन घेतल्यावर नाही, घेण्याआधी विकत आणा.

बिल आणि करार

एएमसी वर्षाला २,००० ते ६,००० रुपयांना मिळते. सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: मेंब्रेन आणि कार्बन यात धरलेत का? ‘कन्झ्युमेबल्स वगळून’ अशी बारीक अक्षरातली ओळ असेल, तर तुम्ही फक्त भेटींचे पैसे भरताय. धरलेत असं म्हणाले, तर मेंब्रेन बदलायचा निकष लेखी घ्या: क्षार किती टक्क्यांखाली अडवले, किंवा धार किती मिलीखाली गेली, की बदलणार. बहुतेक विक्रेते हे लिहून द्यायला कां-कूं करतात. दर ठरवताना त्याचाच उपयोग करा. मशीन साधं असेल, पाणी बरं असेल आणि वरची मोजणी तुम्ही स्वतः करत असाल, तर एएमसीशिवाय सुटे भाग घेऊन भागतं आणि बहुधा स्वस्तही पडतं.

काम झाल्यावर बिलावर बदललेल्या भागाचं नाव, कंपनी आणि अनुक्रमांक लिहून घ्या. त्याखाली आधीचे आणि नंतरचे आकडे: आत किती, मेंब्रेनमधून बाहेर किती, मिनिटाला धार किती. जुना भाग मागून घ्या, तुमच्या पैशांचा आहे. बसवलेला भाग नकली निघाला किंवा वॉरंटी नाकारली, तर आधी कंपनीला लेखी कळवा. उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि त्यानंतरही दाद मिळाली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. तक्रारीला बिल, फोटो आणि मशीनच्या आतल्या बाजूला चिकटवलेला आकड्यांचा कागद जोडा.